वेब डिझाइनची उमेदवारी: जाण्याआधी काय पक्कं करू?

खानापूरवाला
बी.कॉम. झालंय. बेळगावात टिळकवाडीतल्या एका वेब स्टुडिओत सहा महिने उमेदवारीला ये म्हणालेत. तिथं तिघंच जण आहेत. पहिले तीन महिने बिनपगारी. एचटीएमएल-सीएसएस (वेबपानाचा सांगाडा आणि सजावट लिहायच्या भाषा) जुजबी येतं, कॅनव्हा (तयार नमुन्यांवर डिझाइन करायचं ॲप) बऱ्यापैकी. हातात २० दिवस आहेत. त्यात काय पक्कं करू? आणि बिनपगारी जावं का?

उद्यमबाग_डेव्ह
कॅनव्हा राहू दे बाजूला. एकच पान टेम्प्लेट (तयार साचा) न घेता हाताने लिही. फौंड्रीचं (ओतकामाच्या कारखान्याचं) घे: वर नाव-फोन, चार फोटो, मग ग्रेड, वजन, मापं असा सहा कॉलमचा तक्ता, खाली चौकशीचा फॉर्म.

तक्ता मुद्दाम सांगतोय, नवशिक्याची गाडी तिथंच रुतते. ३६० पिक्सेलच्या मोबाइलवर सहा कॉलम मावत नाहीत आणि अख्खं पान आडवं सरकायला लागतं. तक्त्याभोवती एक डिव्ह (चौकटीचा टॅग) घालून त्याला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो (न मावणारं आडवं सरकू देणारा सीएसएस नियम) दे. तक्ता तेवढा सरकतो, पान जागेवर राहतं. तरीही हललं तर कुठंतरी १२०० पिक्सेल रुंदी ठोकून बसवलेली असणार. ती मॅक्स-विड्थ (जास्तीत जास्त रुंदी) कर. व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान स्क्रीनच्या रुंदीचं धर असं ब्राउझरला सांगणारी ओळ) विसरलास तर मोबाइल पान ९८० पिक्सेलचं धरतो आणि आक्रसून दाखवतो, मग मोबाइलसाठी लिहिलेल्या मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या रुंदीनुसार लागणारे सीएसएस नियम) लागूच होत नाहीत.

मोबाइलचा ४-५ एमबीचा फोटो तसाच चढवू नको. १६०० पिक्सेल रुंद करून वेबपी (वेबसाठीचा हलका फोटो-फॉरमॅट) केला की बहुतेक वेळा दोन-तीनशे केबीवर येतो. फोटोच्या टॅगमध्ये विड्थ-हाइट (रुंदी-उंची) लिही, नाहीतर फोटो उतरताना खालचा मजकूर उडी मारतो. फाइलच्या नावात कॅपिटल अक्षर नको. विंडोज कॅपिटल-स्मॉल एकच मानतं, लिनक्सचा सर्व्हर मानत नाही. घरी दिसणारा फोटो साइट चढवल्यावर गायब होतो तो बऱ्याचदा यामुळंच.

अक्षरवेडी
वरचं सगळं बरोबर, पण बेळगावात गिऱ्हाईक तीन भाषा मागतं आणि खरी गोची तिथं होते. इंग्रजीत बेतलेलं डिझाइन मराठी-कन्नड घातलं की फाटतं. मराठीच्या वेलांट्या-मात्रा वर जातात, कन्नडचे ओत्तक्षर (जोडाक्षरातली खालची अक्षरं) खाली लोंबतात. लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या मापाच्या पटीत) १.२ ठेवली तर ओळी एकमेकींना भिडतात. मजकुराला १.६ ते १.७ द्या, मथळ्याला १.४. बटणाची रुंदी ठोकू नका, पॅडिंग (मजकुराभोवती मोकळी जागा) द्या. कन्नड शब्द लांब पडतो आणि बाहेर येतो.

लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) देवनागरीला शून्य. अर्धा पिक्सेल दिला तरी शिरोरेषा तुटू शकते. बोल्ड हवा असेल तर फॉन्टची ७०० वजनाची (ठळक) फाइलसुद्धा जोडा. नाहीतर ब्राउझर ४०० लाच (साध्या जाडीला) फुगवतो आणि बारीक अक्षरात मात्रा-अनुस्वार बरबटतात.

आणि लँग ॲट्रिब्यूट (मजकूर कुठल्या भाषेत ते ब्राउझरला सांगणारी खूण)! मराठी भागाला एमआर, कन्नडला केएन. फॉन्टमध्ये सोय असेल तर एमआर लिहिल्यावर ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. गिऱ्हाईक ‘काहीतरी खटकतंय’ म्हणतं ते बऱ्याचदा हेच असतं.

हिशेबी_शहापूर
पगाराचं बोलतो. उमेदवारी दोन तऱ्हेची. एक तोंडी, दुसरी १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली, करार नोंदवून. दुसरीत विद्यावेतन द्यावंच लागतं, आणि केंद्राच्या एनएपीएस (राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन) योजनेत त्यातले २५ टक्के, महिन्याला कमाल १,५०० रुपये, सरकार भरतं. पण २०१९ च्या नियमांनुसार त्यासाठी निदान चार माणसं लागतात. तुमच्या स्टुडिओत तीन. म्हणजे हे तोंडीच राहणार, मग निदान ई-मेलवर तरी लिहून घ्या: रोज किती तास, शिकवणार कोण, तीन महिन्यांनी किती रुपये, केलेलं काम पोर्टफोलिओत (स्वतःच्या कामाच्या नमुन्यांत) दाखवता येईल का. शेवटचं आधीच विचारा, नंतर हमखास नाही म्हणतात. विचारायला काय जातंय? तीन महिने नुसते फोटो कापायला लावणार असतील तर फुकट जाऊ नका.

खानापूरवाला
ई-मेल आजच करतो. अक्षरवेडी, स्टुडिओचे बरेच मजकूर डीटीपीवाल्यांकडून (छपाईसाठी मजकूर टाइप करणाऱ्यांकडून) जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये येतात, कन्नड नुडी फॉन्टमध्ये. कॉपी केलं की कचरा दिसतो.

अक्षरवेडी
त्या जुन्या फॉन्टमध्ये आत भलतेच कोड असतात, फॉन्ट काढला की रूप गेलं. कन्व्हर्टरने युनिकोड (सगळीकडे चालणारे प्रमाण अक्षर-कोड) करा, पण तसंच चिकटवू नका. पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर सरकते, रफार चुकतो, ‘ऱ्या’चं ‘र्या’ होतं. मूळ पीडीएफ शेजारी ठेवून वाचा आणि आकडे दोनदा तपासा, फोन नंबर आणि दर आधी.