मदत हवी आहे: नाग नदीकाठच्या वस्तीत पूर-मदत पथक बनवायचं आहे, ट्रेनिंग कुठे घ्यायचं आणि सुरुवात कशापासून करायची?

नदीकाठची

नमस्कार मंडळी. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू व्हायच्या आधीच हा धागा काढून राहिले, कारण एकदा मृगाचा पाऊस पडला की बोलायला कोणाला वेळ नसतो आणि सगळे आपापल्या गच्चीचं गळणं पाहण्यात लागतात.

आमची वस्ती नाग नदीला लागून आहे, अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला. २३ सप्टेंबर २०२३ ची रात्र इथल्या नागपूरकरांना सांगायला नको. आदल्या संध्याकाळी घरोघरी महालक्ष्म्या जेवल्या होत्या, आंबिल, पुरणपोळी, सोळा भाज्या, बाया उशिरापर्यंत भांडी आवरून झोपल्या आणि मध्यरात्रीनंतर जो पाऊस धरला तो चारेक तासांत शंभर मिलिमीटरच्या वर गेला, तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नदी रस्त्यावर आली. आमच्याकडे पाणी आधी फाटकातून आलंच नाही, ते बाथरूमच्या जाळीतून वर आलं, काळं, वास मारणारं, आणि लोकांना वाटलं ड्रेनेज चोक झालं. ते समजेपर्यंत गुडघाभर झालं.

एनडीआरएफ, एसडीआरएफ (केंद्राचं आणि राज्याचं आपत्ती दल), आर्मीचे जवान सगळे आले, खूप काम केलं त्यांनी, पण ते अख्ख्या शहराला पुरणार कसे? पहिले काही तास जे केलं ते शेजाऱ्यांनीच केलं. समोरच्या काकांना पॅरालिसिस आहे, तळमजल्यावर राहतात. चार पोरांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, ओढणीने छातीशी बांधलं आणि वरच्या मजल्यावर नेलं. वळणावर खुर्चीचा मागचा पाय मुडपला, काका एका बाजूला कलंडले, खालच्या पोराने खांदा लावला म्हणून वाचले. पोरांची हिंमत होती, जीव लावून केलं त्यांनी, पण माणूस जिन्यावरून कसा उतरवायचा-चढवायचा हे कोणी त्यांना कधी शिकवलंच नव्हतं. तेच माझ्या डोक्यात बसलं आहे. मदत करायला माणसं आहेत, शिकवणारं कोणी पाहिजे.

आता गणपती मंडळाची पोरं तयार आहेत, बचत गटातल्या आणि भजनी मंडळातल्या बायाही तयार आहेत. तर मला विचारायचं आहे की असं ट्रेनिंग नागपुरात सामान्य माणसाला कुठे मिळते, आपल्याकडे सिव्हिल लाइन्सला १९५७ मध्ये सुरू झालेलं नागरी संरक्षणाचं राष्ट्रीय कॉलेज होतं, ते आता एनडीआरएफच्या अकादमीत विलीन झालं, फायरचं राष्ट्रीय कॉलेज आहे, मग वस्तीतल्या माणसाने नेमकं कोणाचं दार ठोठवायचं? वर्गणीतले थोडे पैसे शिल्लक आहेत त्यात काय घ्यावं? आणि एक, काही जण म्हणून राहिले की बायांनी खिचडीचं पाहावं. खिचडी तर करूच, पण कोणत्या घरात कोण अंथरुणाला खिळलं आहे, कोणती सून आठव्या महिन्यात आहे, हे ह्या बायांनाच माहीत असते, त्यांना बाजूला ठेवून पथक होणार कसं?

बंबवाला_काका

ताई, धागा वेळेवर काढला. मी अग्निशमन दलातून रिटायर झालो, नागपूरचा नाही, पण पुराची ड्युटी पुष्कळ केली.

पहिले कलेक्टर ऑफिसमधल्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात जा आणि "आपदा मित्र"बद्दल विचारा. १८ ते ४० वयाच्या स्वयंसेवकांना १२ दिवसांचं ट्रेनिंग, किट आणि विमा अशी ती योजना आहे. एनसीसी, एनएसएस, नेहरू युवा केंद्र, स्काउट-गाईडच्या पोरांसाठी आता "युवा आपदा मित्र" वेगळी आहे. मोठ्या कॉलेजांचे कोर्स जास्त करून अधिकारी आणि ट्रेनर लोकांसाठी असतात, तर वैयक्तिक अर्ज करत बसू नका, मंडळाच्या लेटरहेडवर पत्र द्या की आमच्या वस्तीत येऊन एक दिवसाचं प्रात्यक्षिक दाखवा. फायर स्टेशनलाही तसंच पत्र द्या आणि पोच घ्या. पोच नसली की पत्र कुठे गेलं कळत नाही.

आता पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचं ते हे, की वाहत्या पाण्यात उतरायचं नाही. पोहणारा असला तरी नाही. पंधरा सेंटीमीटर जोरात वाहणारं पाणी मोठ्या माणसाचे पाय उचलते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. काठावरून बांबू पुढे करा, नाही पुरला तर दोरी फेका. पैसे आहेत तर पॉलीप्रॉपिलीनची दोरी घ्या, ती तरंगते, नायलॉनची बुडते आणि बुडालेली दोरी त्या माणसाच्या पायात अडकते. वीसेक मीटर पुरे. तिच्या टोकाला पाच लिटरचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून बांधा, थोडं पाणी ठेवा आत म्हणजे लांब फेकला जातो. दोरी हाताला गुंडाळायची नाही, कमरेला तर अजिबात बांधायची नाही, प्रवाहाने ओढलं तर सोडवता येत नाही.

हे ग्राउंडवर रोज संध्याकाळी करून घ्या, पाण्याशिवाय. वीस पावलांवर खुर्ची ठेवा आणि दोरी तिच्या पलीकडे पडली पाहिजे. वाटते सोपं, पहिल्या दिवशी कोणालाच जमत नाही.

नदीकाठची

काका, फार उपयोगाचं सांगितलं. करंटचं काय? त्या रात्री डीपी (रस्त्यावरची विजेची पेटी) पाण्यात होती आणि लोक चालत होते, मला आजही त्याचा विचार आला की घाबरल्यासारखं होते.

बंबवाला_काका

घाबरायचीच गोष्ट आहे ती. पाणी घरात शिरायच्या आधी मेन स्विच बंद, इन्व्हर्टर पण बंद, लोक इन्व्हर्टर विसरतात. पण स्विचपर्यंत पाणी चढलं असेल किंवा पाण्यात उभं राहून हात लावावा लागत असेल तर हात लावायचा नाही, महावितरणला फोन करून एरियाची लाइन बंद करायला सांगायची. प्रत्येक बिल्डिंगमध्ये मीटर बॉक्स किती उंचीवर आहे ते आत्ताच पाहून ठेवा. आणि चालावं लागलंच तर बांबू पुढे टेकवत, उघडं गटार असं दिसत नाही, पाणी जिथे गोल फिरते तिथून लांब राहायचं.

मेडिकलची_सिस्टर

मी हॉस्पिटलमध्ये ड्युटी करते, ताई, मी येऊ शकते तुमच्याकडे एखाद्या रविवारी. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबून जीव वाचवायचं तंत्र, सगळ्यांना शिकवते. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटीमीटर खोल, हात सरळ. पण बुडालेल्या माणसाला नुसते दाब पुरत नाहीत, श्वासही द्यावा लागतो, ३० दाब आणि २ श्वास. उलटं करून पोट दाबून पाणी काढायचं जे लोक करतात ते बिलकुल करू द्यायचं नाही, त्यात वेळ जाते आणि पोटातलं फुफ्फुसात जाते.

पुरानंतर साप निघतात. चिरा द्यायचा नाही, आवळून बांधायचं नाही, चोखायचं नाही, पाय हलू न देता सरळ मेडिकल किंवा मेयो, म्हणजे आपली मोठी सरकारी हॉस्पिटलं. आणि घर साफ करताना गमबूट, पायाला जखम असेल तर त्या पाण्यात उतरायचंच नाही, लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) होते. ताप आला तर डॉक्टरला "मी पुराच्या पाण्यात होतो" हे आवर्जून सांगायचं.

तुमच्या काकांसाठी सांगते, खुर्ची चालते पण हात असलेली, लाकडी किंवा लोखंडी, पाय न मुडपणारी. पोट आणि छाती दोन ठिकाणी बांधायचं, माणसाला वर नेताना आणि खाली आणताना दोन्ही वेळा त्याचं तोंड जिन्याच्या खालच्या बाजूला. एकाने मोजायचं आणि सगळ्यांनी त्याच्याच आवाजावर पाऊल टाकायचं. कोणाला तरी बसवून सराव करा, रिकाम्या खुर्चीवर काही कळत नाही.

खामलेकर

यादीचं एक बोलतो. आजारी माणसांची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, नाव-पत्ता-आजार सगळं फिरत राहते. वहीत लिहा, दोन प्रती, एक तुमच्याकडे आणि एक वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भरवशाच्या माणसाकडे. आणि ग्रुपच्या भरवशावर अलर्टही ठेवू नका, त्या रात्री माझा फोन चार्जिंगला खाली होता आणि पाण्यात गेला. शिट्टी घ्या प्रत्येकाला, स्वस्त आहे आणि रात्री पावसातही ऐकू येते.

नदीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुम्हाला मेसेज केला आहे, ऊन फार आहे म्हणून संध्याकाळी सहानंतरची वेळ ठेवू, समाजभवनाची चावी मिळते. पत्राचा मसुदा आज लिहिते आणि इथे टाकते, काका, तुम्ही एकदा नजर घाला जी. वहीचं काम बचत गटाने घेतलं, गल्लीप्रमाणे दोघी-दोघी जाणार आणि मीटर बॉक्सची उंचीही त्याच लिहून आणणार.

एक राहिलं. आमच्या टोकाला भाड्याने राहणारी विद्यार्थी मुलं आणि कामगारांच्या खोल्या आहेत, दर वर्षी माणसं बदलतात, त्यांची नोंद कशी ठेवायची? कोणाच्या वस्तीत हे केलं असेल तर लिहा.