कळायलाच हवं का?

'इंद्रधनुष्य नाही, भडक मेकअप नाही, मग चित्रातला माणूस क्वीअर आहे हे कळणार कसं?' असं कुणीतरी विचारलंय. (क्वीअर म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे.) कळायलाच हवं का? चित्रकार भूपेन खख्खर स्वतः समलिंगी, पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. त्यांच्या १९८१ च्या 'यू कान्ट प्लीज ऑल' या चित्रामध्ये सज्जात उभा नग्न पुरुष बाप-लेक-गाढवाची गोष्ट नुसती बघतोय. (गोष्ट निवडलीय मात्र चोख!) ना नखरा, ना रडारड.

आमच्या म्हापशात एका मित्राने जोडीदाराचं पोर्ट्रेट केलं: बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) बसलेला, चष्मा नाकावर घसरलेला, हातात पेपर, पायाशी मांजर. प्रदर्शनात एकाने विचारलं, "यात क्वीअर काय?" मित्राची आई शेजारीच होती. म्हणाली, "ते राहू दे, नाक बरोबर आलेलं नाही."