अँड्रॉइडमध्ये व्ह्यूची (पडद्यावरच्या घटकाची) रुंदी शून्य येते, आणि टोस्ट (क्षणभर झळकणारा संदेश) दोनदा दिसतो

मागवाला
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामाचा टॉवेलचा कारखाना आहे. व्यापारी फोटो पाठवतात, ‘हाच, फक्त काठ हिरवा’. म्हणून ऑर्डरचं अँड्रॉइड ॲप करतोय. टॉवेल ३० बाय ६० इंची, म्हणजे चित्राची उंची रुंदीच्या दुप्पट. स्क्रीन तयार होताना चालणाऱ्या ऑनव्ह्यूक्रिएटेडमध्ये इमेजव्ह्यूची (चित्राच्या चौकटीची) रुंदी विचारली तर शून्य. शून्याची दुप्पट शून्यच, टॉवेल गायब. मग ३०० मिलिसेकंद थांबून विचारली. माझ्या फोनवर चाललं, मामाच्या जुन्या फोनवर कधी दिसतो, कधी नाही. मामा म्हणतो, “धुवायच्या आधीच आटला काय बे?”

दुसरं दुखणं: डिझाइन उघडून यादीत परत आलो की काही न करता ‘ऑर्डर जतन झाली’चा टोस्ट. त्यानंतर खरंच ऑर्डर टाकली की दोनदा. अजून एक फेरी मारली की तीनदा. काल भर दुपारी लाइट गेलेली, घाम पुसत लॉगकॅट (ॲपच्या नोंदी) चाळलं, क्रॅश एकही नाही.

होटगीरोड
डेटा येईपर्यंत चित्र गॉन (लपवलेलं, जागाही न घेणारं) ठेवलंयस का? गॉन व्ह्यूचं मोजमापच होत नाही. मामाच्या फोनवर डेटा ३०० नंतर येत असणार. आणि ऑनव्ह्यूक्रिएटेडमध्ये व्ह्यू नुसता तयार झालेला असतो, मेझर आणि लेआऊट (मोजणं आणि जागेवर मांडणं) पुढे होतात. कोडमधून रुंदी हवीच असेल तर डूऑनलेआऊट, त्यातला कोड मांडणी झाल्यावरच चालतो. पण तुला नकोच आहे. कॉन्स्ट्रेंटलेआऊटमध्ये (घटक कडांना बांधून मांडायची चौकट) रुंदी दोन्ही कडांना बांध, उंची ०डीपी (म्हणजे नियमानुसार ठरू दे), डायमेन्शन रेशो (रुंदी:उंची) १:२. गुणाकार काढून टाक.

कोडकरीण
टोस्टसाठी: डेटा बदलला की कळवणाऱ्या ऑब्झर्व्हला धिस, म्हणजे फ्रॅगमेंटच (स्क्रीनचा एक भाग), देतोयस ना? बॅकस्टॅकवर (मागे ठेवलेल्या स्क्रीनच्या थप्पीत) गेलं की फ्रॅगमेंटचा व्ह्यू मरतो, फ्रॅगमेंट मरत नाही. परत आलास की ऑनव्ह्यूक्रिएटेड पुन्हा चालतं, जुन्या ऑब्झर्व्हरच्या जोडीला नवा बसतो. धिसच्या जागी व्ह्यूलाइफसायकलओनर दे, म्हणजे व्ह्यूसोबत ऑब्झर्व्हरही जाईल. आणि बाइंडिंग (व्ह्यूंचा धरून ठेवलेला संदर्भ) ऑनडिस्ट्रॉयव्ह्यूमध्ये, म्हणजे व्ह्यू मरताना, नल (रिकामं) कर, तेही बहुतेक राहिलं असेल.

मागवाला
राहिलंच होतं 🙂 गॉन पण बरोबर, प्रोग्रेस बार फिरेपर्यंत लपवलं होतं. रेशो लावला, मामाच्या फोनवर टॉवेल पूर्ण दिसला. ऑर्डर टाकली की टोस्ट एकदाच. पण परत आल्यावर न मागता येणारा एक टोस्ट अजून येतोच.

कोडकरीण
तो लाइव्हडेटाचा (ज्यावर ऑब्झर्व्ह लावलंयस त्याचा) स्वभाव. शेवटची किंमत (व्हॅल्यू) जपून ठेवतो आणि नव्या ऑब्झर्व्हरला लगेच देतो. यादी दाखवायला हे सोयीचं, टोस्टला नाही. टोस्ट दाखवला की व्ह्यूमॉडेलला (स्क्रीनचा डेटा सांभाळणाऱ्याला) कळवून ती किंमत नल कर, ऑब्झर्व्हर नल आला तर गप्प बसेल.

मागवाला
गेला. आता मामा म्हणतो, नावातला उकार खालून कापला जातो. टेक्स्टव्ह्यूची उंची मी २० डीपी ठोकली होती.

होटगीरोड
रॅप कंटेंट कर बे, मजकुराएवढी उंची आपोआप होईल.