७१ चे ९३ हजार युद्धकैदी आपण इतके दिवस का ठेवले?

वाचनवेडा:
भाचा यूपीएससी करतोय, त्याच्याशी वाद झाला म्हणून विचारतोय. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात पाकिस्तानी जनरल नियाझीने शरणागतीवर सही केली, युद्ध संपलं. भाचा म्हणतो, जिनिव्हा करार सांगतो लढाई थांबली की कैदी विनाविलंब परत पाठवा, मग आपण ते १९७४ पर्यंत कसे ठेवले? नियम मोडला का आपण? जाणकारांनी सांगा, फॉरवर्ड नकोत प्लीज.

निवांत_नगरकर:
ठेवले तेच बरं केलं. आपले ५४ सैनिक तिकडेच कैदेत राहिले म्हणतात, पाकिस्तान आजही नाही म्हणतो. त्यांचं कोण विचारतं?

कायद्याची_किरकिर:
नगरकर, तो मुद्दा खराच आहे पण प्रश्न वेगळा आहे हो.
१९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं कलम ११८, तुमचा भाचा बरोबर आहे. आधीच्या १९२९ च्या करारात सुटका शांतता तहाशी बांधलेली होती, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कैदी वर्षानुवर्षं अडकून पडले (रशियाने तर काही जर्मन १९५५-५६ पर्यंत ठेवले होते), म्हणून मुद्दाम लिहिलं की तहाची वाट बघू नका, लढाई थांबणं पुरे.
भारताचं म्हणणं होतं की शरणागती भारत-बांगलादेश संयुक्त कमांडपुढे झालीय त्यामुळे बांगलादेशला विचारल्याशिवाय सोडता येत नाही, आणि पाकिस्तान तर बांगलादेशला मान्यताच देत नव्हता, मग बोलणार कोण कुणाशी. दुसरं म्हणणं, युद्ध परत पेटणार नाही याची खात्री काय. हे दुसरं मला लंगडं वाटतं, अशी खात्री जगात कोणाला कधी मिळते? सरळ सांगायचं तर कैदी हा पत्ता हातात होता आणि तो राखून ठेवला.
सिमल्यात (जुलै १९७२) त्यांना सोडलं हा गैरसमज आहे, तिथे कैद्यांचं नुसतं पुढे बोलू असं ठरलं. सुटकेचा करार दिल्लीत २८ ऑगस्ट १९७३ ला झाला, त्यात पाकिस्तानात अडकलेले बंगाली लोकही परत जाणार होते. आणि ९३ हजार सगळे सैनिक नव्हते बरं का, त्यात सिव्हिलियनही होते.

वाचनवेडा:
ओके, पण या कैद्यांपैकी त्या १९५ जणांचं काय होतं? कुठेतरी वाचलेलं.

कायद्याची_किरकिर:
त्यांच्यावर बांगलादेशला वॉर क्राइम्सचे खटले चालवायचे होते. फौजदारी खटला चालू असेल तर कैदी थांबवता येतो, कलम ११९, म्हणजे इथे बाजू जरा भक्कम होती. पाकिस्तान मे १९७३ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात गेला, डिसेंबरात केस मागे घेतली. पुढे एप्रिल १९७४ च्या त्रिपक्षीय (भारत-पाकिस्तान-बांगलादेश) करारात बांगलादेशने खटले सोडून दिले आणि तेही घरी गेले. ज्यांची माणसं मारली गेली त्यांना काय वाटलं असेल, हे कुठल्याच कलमात बसत नाही.

अपर्णा_ब:
पारुलकरांचं कोणीच कसं काढलं नाही! आपले युद्धकैदी पायलट, फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुलकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी, ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या कॅम्पमधून पळाले आणि पार लंडी कोतलपर्यंत पोचले, अफगाण बॉर्डर हाकेच्या अंतरावर! तिथे लंडी खानाला जायची चौकशी केली आणि ते स्टेशन १९३२ सालीच बंद झालेलं, झालं, लोकांना संशय आला 😩

निवांत_नगरकर:
मग पकडल्यावर कोर्ट मार्शल वगैरे?

कायद्याची_किरकिर:
नाही. पळायचा प्रयत्न करणं हा कैद्याचा गुन्हा धरत नाहीत. कलम ९२, फक्त शिस्तभंगाची शिक्षा आणि तीही ३० दिवसांच्या वर नाही. बाहेर पडताना कोणावर हात टाकला तर मात्र वेगळं प्रकरण.

वाचनवेडा:
हे भारी आहे, भाच्याला पाठवतो. अजून एक, २०१९ ला पाकिस्तानने पकडलेल्या आपल्या पायलट अभिनंदनचे व्हिडिओ दाखवले ते चालतं का?

कायद्याची_किरकिर:
नाही चालत. कलम १३, कैद्याला लोकांच्या कुतूहलाचा विषय करायचा नाही, अपमान तर नाहीच. चहा पाजला तरी कॅमेरा लावायचा नाही. आणि युद्ध जाहीर झालं नव्हतं ही सबब पण चालत नाही, कलम २ वाचा.