जुन्या गाडीतून इंजिन ऑइल गळते आहे. गिअरबॉक्स उतरवावा का?

शहाबादी_फरशी: माझी २००३ सालची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी १,१८,००० किलोमीटर चालली आहे. हल्ली रोज सकाळी गाडीखाली रुपयाएवढे दोन-तीन काळे थेंब दिसतात आणि सिग्नलला थांबले की जळक्या तेलाचा वास येतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर ओल असल्याने क्रँकचे (इंजिनातील मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे ऑइल सील गेले आहे, असे गॅरेजमध्ये सांगितले. सील किरकोळ किमतीचे असले तरी त्यासाठी गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मोठी आहे. त्याआधी काही तपासता येईल का?

दहाबाराचा_पाना: अवश्य तपासा. ऑइल वरून ओघळते आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकलले जाते, त्यामुळे जिथे थेंब पडतो तिथेच गळती असेल असे नाही. शिवाय जळका वास येतो म्हणजे ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडत असावे, आणि मागच्या सीलपेक्षा टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून ते तिथे पोहोचणे अधिक सोपे आहे. थंड इंजिन डिझेल आणि ब्रशने धुऊन, डिझेलचा अंशही न ठेवता पुसून कोरडे करा, टॅपेट कव्हरच्या कडेखाली टाल्कम पावडर भुरभुरवा आणि गाडी वीस मिनिटे चालवून आणा. पावडरीवर सर्वांत उंचावर जी ओली रेघ उमटेल, तिच्यापासून शोध सुरू करा. ऑइल प्रेशर स्विचपाशी (ऑइलच्या दाबाचा दिवा लावणारा स्विच) गळती आहे का, तेही पाहा. तो फारसा कोणी पाहत नाही.

शहाबादी_फरशी: रेघ टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून उतरली आहे. नुसते बोल्ट आवळले तर चालेल का?

घाटातला_दुसरा_गिअर: कृपया आवळू नका. जुने पॅकिंग कडक झालेले असते आणि जास्त आवळल्याने पत्र्याचे कव्हर वाकून गळती वाढते. नवे पॅकिंग बसवा. सिलिकॉन सीलंट लावायचाच असेल तर मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या कोपऱ्यांपुरता लावा, कारण जास्तीचा सीलंट तुटून आत पडला तर ऑइल पंपाची जाळी बुजू शकते. त्याच वेळी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात साचणारे वायू बाहेर काढणारी झडप) काढून हलवून पाहा: तो खुळखुळला पाहिजे. तो किंवा त्याची नळी काजळीने तुंबली असेल तर इंजिनातील वायूचा दाब वाढतो आणि नवे पॅकिंगही लवकरच पाझरू लागते. गळती थांबवणाऱ्या बाटलीबंद औषधांवर माझा विश्वास नाही.

शहाबादी_फरशी: पीसीव्ही व्हॉल्व्ह खरोखरच चिकटलेला होता. तो आणि पॅकिंग बदलून सहाशे किलोमीटर झाले. वास गेला आणि कव्हरखालची पावडर पांढरीच आहे. गिअरबॉक्सच्या जोडावर मात्र चार दिवसांनी एखादा थेंब दिसतो, म्हणजे सीलही थोडे पाझरत असावे. क्लच प्लेट बदलताना गिअरबॉक्स उतरेलच, तेव्हा ते बदलीन. तोवर दर रविवारी डिपस्टिकने ऑइलची पातळी पाहत आहे.