रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग: घरासाठी धोका कुठे कमी?

प्रश्न: पूर, दरड, वादळ धरून तिन्ही जिल्ह्यांची तुलना कशी करावी?

दर्याकिनारी: जिल्ह्याची सरासरी फसवते, तालुका बघा. एकट्या रायगडातच अलिबाग-श्रीवर्धनला ३ जून २०२० चं निसर्ग वादळ, तर महाडला सावित्रीचा पूर आणि दरडी. जुलै २०२१ मध्ये दरडीखाली गेलेलं तळिये गाव महाड तालुक्यातलंच.

वाशिष्ठीकाठ: रत्नागिरीत चिपळूणला नुसता पाऊस पाहून भागत नाही. कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी वाशिष्ठीत येतं, आणि भरती लागली की पुराला खाडीतून बाहेर पडायला वाट मिळत नाही. मुसळधार असेल तेव्हा भरतीची वेळ बघाच. जागा घेताना शेजारच्या भिंतीवरची २००५ आणि २०२१ च्या पाण्याची खूण टेपने मोजा. निजायची खोली तिच्या वर हवी.

डोंगरउतार: दरडीला कृपया कमी लेखू नका. घराच्या वरच्या अंगाला जमिनीला भेगा, वाकलेली झाडं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ, यातलं एक जरी दिसलं तरी ती जागा सोडा. उतार कापून सपाट केलेला प्लॉटही नको. पायथा कापला की वरच्या मातीचा आधार जातो.

प्रश्नकर्ता: आणि सिंधुदुर्ग?

दर्याकिनारी: मालवण-वेंगुर्ल्याला वादळ आधी धरा, मे २०२१ चं तौक्ते आठवा. आंबोली घाटाकडे मात्र दरडच.