मदत हवी आहे: हौशी पूल स्पर्धेसाठी कोणता फॉरमॅट घ्यावा? (२४ खेळाडू, ४ टेबलं, एक दिवस)

कोपऱ्यातला_पॉकेट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

क्लबात हौशी खेळाडूंची एट-बॉल (पूलचा प्रकार: आपल्या गटाचे बॉल पाडून शेवटी ८ नंबरचा पाडेल तो जिंकतो) स्पर्धा घ्यायची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. साधारण २४ नावं येतील. टेबलं ४. सकाळी १० ला सुरुवात आणि रात्री ८ ला हॉल रिकामा करायचा, त्यात सवलत नाही.

खेळाडू सगळ्या प्रकारचे आहेत. पाच-सहा जण एका दमात रॅक (एक डाव) साफ करू शकणारे, बरेचसे मधले, आणि काही असे की ब्रेकनंतर (बॉल फोडणाऱ्या पहिल्या शॉटनंतर) क्यू बॉल, म्हणजे पांढरा बॉल, टेबलावर राहिला तरी खूश. आजवर साधा नॉकआउट (हरला तो बाहेर) होत आला. लोक नाव नोंदवतात, तास-दीड तास वाट बघतात, एक मॅच हरतात आणि घरी जातात. पुढच्या वेळी ते येत नाहीत, ही खरी अडचण.

तीन पर्याय डोक्यात आहेत: डबल एलिमिनेशन (दोनदा हरला तो बाहेर), गट पाडून मग नॉकआउट, किंवा स्विस (कुणी बाहेर जात नाही, दर फेरीत सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या; हा बुद्धिबळ खेळणाऱ्या मित्राचा आग्रह). शिवाय रेस कितीची ठेवावी आणि हँडिकॅप (कमकुवत खेळाडूला आधीच सवलत) द्यावं का, हेही कळत नाही. ज्यांनी स्पर्धा घेतल्या आहेत त्यांनी कृपया सांगावं.

---

बेरीज_वजाबाकी

फॉरमॅटचं नाव नंतर, आधी टेबल-तास मोजा. ४ टेबलं गुणिले १० तास, म्हणजे ४० टेबल-तास. यापलीकडे काहीही बसणार नाही.

हौशी एट-बॉलचा एक रॅक १० मिनिटांचा धरा. रेस टू ३ ठेवली (जो आधी ३ रॅक जिंकेल तो) आणि दोघे तुल्यबळ असले, तर सरासरी ४ हून किंचित जास्त रॅक होतात. अधिक ५ मिनिटं पुढची जोडी टेबलाशी यायला. एक सामना ४५ मिनिटांचा. म्हणजे दिवसभरात जास्तीत जास्त ५३ सामने, तेही एक टेबल एक क्षण रिकामं न राहता.

आता २४ खेळाडूंना किती सामने लागतात ते बघा:

साधा नॉकआउट: २३
डबल एलिमिनेशन: ४६ किंवा ४७
चौघांचे ६ गट: ३६, आणि पुढचा नॉकआउट वेगळा
स्विस, ५ फेऱ्या: ६०

स्विस इथेच बाद. तुमच्या मित्राला सांगा की बुद्धिबळात सगळे पट एकाच वेळी मांडता येतात. इथे प्रत्येक फेरीचे १२ सामने ४ टेबलांवर तीन पाळ्यांत होणार आणि सगळ्यात संथ जोडी संपेपर्यंत पुढची फेरी लागणार नाही.

---

गटबाज

माझं मत गटांना. प्रत्येकाला ३ सामने नक्की, वेळापत्रक आदल्या दिवशी भिंतीवर लावता येतं, कोण कधी खेळणार हे सगळ्यांना ठाऊक. नवख्यांना हेच हवं असतं.

---

खडूस_रेफरी

@गटबाज, कागदावर छान दिसतं हो. प्रत्यक्षात गटातले शेवटचे सामने निम्मे वेळा निरर्थक होतात. पहिले दोन हरलेला माणूस तिसऱ्याला थांबत नाही, आणि त्याचा वॉकओव्हर नेमका एकालाच फुकट मिळतो. मग तिघांचे दोन-दोन विजय, रॅकचा फरकही सारखा, आणि आयोजक कॅल्क्युलेटर घेऊन बसलेला. दोन विजय आधीच खिशात असलेला खेळाडू मित्राशी तिसरा सामना कसा खेळतो, ते सांगायलाच नको.

धागाकर्ते, तुम्हाला डबल एलिमिनेशनच हवंय, पण अख्खं नको. त्याची शेपटी फार लांब असते. शेवटी ८ जण उरतात (४ न हरलेले, ४ एकदा हरलेले) तिथून विजेता ठरेपर्यंत लूजर्स साइडला (एकदा हरलेल्यांच्या बाजूला) एकामागून एक चार फेऱ्या, मग फायनल, आणि लूजर्स साइडचा जिंकला तर पुन्हा एक फायनल. सामने थोडेच असतात, पण एक संपल्याशिवाय दुसरा लागत नाही. तीन टेबलं रिकामी आणि सगळा हॉल एका टेबलाकडे जांभया देत बघतोय, असं होतं.

म्हणून ८ उरले की डबल बंद करा आणि तिथून साधा नॉकआउट. मोठ्या स्पर्धाही हेच करतात. अलीकडच्या वर्ल्ड पूल चॅम्पियनशिपमध्ये १२८ खेळाडू असतात, ६४ उरेपर्यंत डबल एलिमिनेशन आणि पुढे हरला तो बाहेर.

---

बेरीज_वजाबाकी

रेफरींशी सहमत, पण ८ वर कापलं तर वेळेत बसत नाही. २४ वरून ८ वर यायला ३६ सामने लागतात, म्हणजे ४ टेबलांवर ९ पाळ्या. पावणेसात तास. जेवण, उशीर वगैरे धरून अर्धा तास द्या, सव्वापाच वाजले. तिथून पुढे रेस ४ ठेवली तर एक फेरी ६५ मिनिटांची. क्वार्टर, सेमी, फायनल मिळून सव्वातीन तास. साडेआठ.

१६ वर कापा. २४ वरून १६ वर यायला २४ सामनेच लागतात: पहिल्या फेरीत ८ (८ जणांना बाय, म्हणजे न खेळता पुढे), दुसऱ्या फेरीत ८, आणि मग पहिल्या फेरीत हरलेले ८ विरुद्ध दुसऱ्या फेरीत हरलेले ८. साडेचार तास, अधिक अर्धा तास, दुपारचे ३. सोळा जणांची फेरी रेस ३ वर दोन पाळ्यांत, साडेचार. पुढचे तीन टप्पे रेस ४ वर, पावणेआठ. एकूण ३९ सामने आणि प्रत्येकाला किमान दोन.

एक गोष्ट आठवणीने करा. लूजर्स साइडला टाकताना वरच्या अर्ध्यातले हरलेले खालच्या अर्ध्यात पाठवा. नाहीतर एकाच गोटातली तीच तीच माणसं एकमेकांच्या वाट्याला येत राहतात.

---

निळा_खडू

एक शंका. रेस ३ म्हणजे लॉटरी नाही का? चांगला खेळाडू दोन वाईट ब्रेकवर बाहेर.

---

बेरीज_वजाबाकी

थोडी लॉटरी आहेच. समजा एक जण दुसऱ्याविरुद्ध दर १० रॅकमधले सरासरी ६ जिंकतो. तो रेस ३ जिंकण्याची शक्यता साधारण ६८ टक्के. रेस ४ ला ७१, रेस ५ ला ७३, रेस ७ ला ७७. म्हणजे ३ वरून ७ वर जाऊन ९ टक्के मिळतात आणि वेळ दुपटीहून जास्त जातो. हौशी स्पर्धेत हा सौदा मला महाग वाटतो. त्यापेक्षा सुरुवातीला रेस ३ ठेवून दुसरी संधी द्या. शेवटपर्यंत रेस ३ ठेवली तर ८ वर कापूनही साडेसातला संपेल, पण फायनल तीन रॅकमध्ये उरकली तर बघायला थांबलेले लोक तुम्हाला माफ करणार नाहीत.

---

सरळ_शॉट

नाइन-बॉल घ्या ना (टेबलावरच्या सर्वांत लहान नंबरच्या बॉलला आधी लागायला हवं, ९ पाडेल तो जिंकतो), रॅक पटकन संपतो.

---

खडूस_रेफरी

संपतो, पण नवख्याचा नाही. त्याला आधी १ लागायला हवा, मग २, आणि तोवर फाउलवर फाउल. शिवाय नाइन-बॉलमध्ये चुकून गेलेला बॉलही चालतो, ब्रेकला ९ गेला तर रॅकच जिंकला. छोट्या रेसमध्ये हे जास्तच टोचतं. एट-बॉल ठेवा.

---

कोपऱ्यातला_पॉकेट

खूप आभार! १६ वर कापायचं पटलं. आता हँडिकॅप. पाच-सहा जण इतके पुढे आहेत की बाकीचे आधीच 'बक्षीस कुणाचं ते ठरलंय' म्हणतात. सगळ्या खालच्यांना एकेक रॅक द्यावा असं सुचवलं जातंय.

---

बेरीज_वजाबाकी

सगळ्यांना नको, सांभाळून. छोट्या रेसमध्ये एक रॅक म्हणजे फार मोठी देणगी असते.

फार्गोरेट नावाची रेटिंग पद्धत आहे, तिच्यात १०० गुणांचा फरक म्हणजे वरचा खेळाडू खालच्याच्या दुप्पट रॅक जिंकतो. असा फरक असलेली जोडी घ्या. सरळ रेस ३ मध्ये वरचा ७९ टक्के वेळा जिंकेल. त्याला ३ आणि खालच्याला २ रॅक पुरेसे, असं ठेवलं तर ५९ टक्के. रास्त आहे, अजूनही चांगल्याचीच बाजू जड, पण खालच्याला वाटेल की आपणही आहोत.

आता हाच रॅक तुम्ही चुकून बरोबरीच्या माणसाला दिलात, तर देणाऱ्याची जिंकण्याची शक्यता ५० वरून ३१ वर येते. म्हणून अ, ब, क असे तीनच दर्जे करा आणि अ विरुद्ध क असेल तरच एक रॅक द्या. ब ला द्यायचा नाही, ब कडून घ्यायचा नाही. रेस ४ लाही तेच, ४ विरुद्ध ३.

---

खडूस_रेफरी

आणि दर्जा खेळाडूला विचारून ठरवू नका! स्वतःला क म्हणवणारे पट्टीचे खेळाडू प्रत्येक क्लबात असतात. अमेरिकेतल्या एपीए लीगमध्ये एट-बॉलला २ ते ७ असे दर्जे आहेत आणि ते नोंदवलेल्या सामन्यांवरून ठरतात. तुमच्याकडे नोंदी नसतील तर सगळ्यांचा खेळ बघितलेल्या तिघांनी बसून ठरवा, यादी आदल्या दिवशी लावा, आणि क मधला कुणी शेवटच्या आठांत आला तर तिथून त्याला ब धरा. हे आधी जाहीर केलं तर भांडण होत नाही. म्हणजे कमी होतं.

यादीशेजारीच नियम लावा. घरोघरी वेगळे नियम खेळणारे लोक येणार, त्यांना सकाळीच कळू दे: फाउल झाला की क्यू बॉल हातात, टेबलावर कुठेही. ब्रेकला ८ गेला तर रॅक जिंकला असं नाही. अधिकृत नियमांत ब्रेक करणारा ८ परत मांडून पुढे खेळू शकतो किंवा पुन्हा ब्रेक मागू शकतो. पहिला ब्रेक लॅग करून (दोघांनी बॉल समोरच्या कडेला मारून परत आणायचा, आपल्या कडेच्या जास्त जवळ थांबेल त्याची निवड), पुढचे आळीपाळीने. जिंकणाऱ्याला ब्रेक ठेवलात तर नवखा खुर्चीतून उठणारच नाही.

आणि घड्याळ. ५० मिनिटं झाली की चालू रॅक शेवटचा, बरोबरी राहिली तर आणखी एकच. हे पहिल्या सामन्यापासून लावा, दुपारी उशीर झाल्यावर नाही. १० मिनिटं उशिरा येणाऱ्याचा एक रॅक गेला, १५ मिनिटांनी सामना.

---

गटबाज

माझे गट मोडलेत, ठीक आहे. :) पण लवकर बाहेर पडलेल्या आठ जणांचं काय? सेमीफायनलला दोन टेबलं रिकामी होतात. त्यांच्या चार जोड्या करा, एका जोडीतल्या दोघांनी एकाआड एक शॉट मारायचा, एका रॅकचा सामना. तीन सामन्यांत निकाल. चांगल्या स्पर्धेपेक्षा त्याच टेबलाभोवती जास्त आरडाओरडा असतो.

---

कोपऱ्यातला_पॉकेट

हे घेतोच! शेवटचा प्रश्न: ८ बाय कुणाला द्यायचे? अ दर्जाच्या सगळ्यांना दिले तर पहिल्या फेरीत ते एकमेकांसमोर येणार नाहीत.

---

खडूस_रेफरी

नका देऊ. सगळ्यात चांगल्यांना बाय दिलात तर पहिली फेरी जिंकणाऱ्या नवख्यापुढे दुसऱ्याच फेरीत त्यांच्यापैकी कुणीतरी उभा. बाय चिठ्ठ्या टाकून, सगळ्यांसमोर. फक्त अ मधल्या वरच्या चौघांना चार वेगळ्या कोपऱ्यांत टाका, बाकी ड्रॉ उघडा. आणि २४ चे २६ झाले तर घाबरू नका: दोन बाय कमी होतात, १६ वर यायला २४ ऐवजी २८ सामने लागतात. एक पाळी वाढली. पावणेआठचे साडेआठ होतात, तेव्हा सकाळी सव्वानऊला सुरू करता येतंय का बघा, नाहीतर नावं २४ ला बंद करा.